शनिवार तेल्यांचा शनिवार : ज्यू पंचांग आणि पवित्र वेळ



दिल्ली, नोएडा, गुरुग्राम किंवा गाझियाबादमधल्या मराठी घरात गेलात, की स्वयंपाकघराच्या भिंतीवर मुंबईहून मागवलेली दिनदर्शिका हमखास दिसते. संकष्टीला तिच्यात चंद्रोदय पाहायचा असतो. आमच्या घरी पहिली दोन वर्षे आम्ही मुंबईची वेळ वाचून उपास सोडत होतो. शेवटी शेजारच्या आजींनी विचारले, "अहो, चंद्र दिल्लीचा आणि वेळ मुंबईची, हे कसे चालेल?" तेव्हा ध्यानात आले, की गच्चीवर जाऊन चंद्र पाहणे आम्ही केव्हाच सोडून दिले होते. उपास चालू होता, पण ज्याच्यासाठी थांबायचे त्याच्याकडे कुणाचे लक्ष नव्हते.

काळ पवित्र मानणे म्हणजे नेमके काय, हा आजच्या अभ्यासाचा विषय आहे. त्यासाठी आपण एक वेगळे पंचांग समोर ठेवणार आहोत, ज्यू लोकांचे. ते फार लांबचे नाही. रायगड जिल्ह्यातल्या गावांत हे पंचांग शेकडो वर्षे मराठी बोलत आले आहे. दिल्लीत खान मार्केटजवळ हुमायून रोडवर 1956 साली बांधलेले ज्युडा हायम सिनेगॉग आहे. तिथे शुक्रवारी सूर्य मावळला, की आठवडा संपून त्याचा सातवा दिवस सुरू होतो. त्या लहानशा प्रार्थनागृहाकडे आपण पुढे येऊ. आधी कोकणात जाऊ.

सुट्टीवरून ओळखली जाणारी माणसे

बेने इस्रायल, म्हणजे इस्रायलची लेकरे, या समाजाची परंपरा अशी सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. हे केव्हा घडले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. परंपरा मात्र ती घटना दोन हजार वर्षांहून जुनी मानते. त्यांचे ग्रंथ समुद्रात गेले. पुढच्या पिढ्यांत हिब्रू भाषा गेली. मराठी ही त्यांची मातृभाषा झाली. गावांच्या नावांवरून आडनावे पडली : दिवेकर, केहीमकर, पेणकर, रोहेकर. पोटासाठी त्यांनी तेलाचे घाणे घातले.

गावाने त्यांना नाव दिले, "शनिवार तेली". कोकणात सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, त्यांना "सोमवार तेली" म्हणत. हे शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनिवार तेली. या नावाकडे थोडे थांबून पाहा. आपल्याकडे जात ओळखली जायची ती कामावरून : सुतार, लोहार, कुंभार, तेली. इथे काम दोघांचेही एकच. ओळख पटते ती काम कोणत्या दिवशी थांबते त्यावरून. गावाला त्यांचा धर्मग्रंथ माहीत नव्हता, आणि तो त्यांच्याकडे उरलेलाही नव्हता. पण आठवड्यातून एक दिवस त्यांच्या अंगणातून घाण्याची करकर ऐकू येत नाही, हे साऱ्या गावाला माहीत होते.

शेतकऱ्याचा बैल पोळ्याला किंवा बेंदराला वर्षातून एकदा मानाने विसावतो. घाण्याचा बैल रोज गोल गोल फिरणारा, डोळ्यांवर झापड बांधलेला. ज्यू धर्माच्या दहा आज्ञांत विश्रांतीची जी आज्ञा आहे, तिच्यात घरधन्याबरोबर मुले, नोकरचाकर, दारी आलेला परका आणि गुरेढोरेही येतात. शनिवार तेल्याचा बैल वर्षाला पन्नासवर वेळा विसावत होता. त्याच्या मालकाला ही आज्ञा वाचता येत नव्हती, पण बैलाला तिचा लाभ मिळत होता.

आणि याला किंमत होती. गावात शनिवारी तेल मागायला गिऱ्हाईक येणारच. ते परत जाणार, दुसऱ्या घाण्यावर जाणार. गरीब माणसाला आठवड्याचा सातवा हिस्सा सोडणे सोपे नसते. हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडले. त्यांना कोणी विचारले असते, "का?" तर बहुधा एवढेच उत्तर मिळाले असते, की आमच्यात चालत आले आहे.

संध्याकाळी उगवणारा दिवस

आता या पंचांगाची घडण पाहू. आपला दिवस सूर्योदयापासून मोजतात, इंग्रजी तारीख मध्यरात्री बदलते, ज्यूंचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. त्यांच्या सृष्टिकथेत प्रत्येक दिवसाच्या हिशेबात आधी संध्याकाळ येते आणि मग सकाळ, त्यावरून हा नियम. साधनेच्या दृष्टीने यात एक मोठी गोष्ट आहे. दिवसाची पहिली क्रिया विश्रांती. आधी झोप, मग काम. आपण काम करून थकल्यावर उरलेला वेळ विसाव्याला देतो. तिथे विसावा आधी मिळतो आणि त्याच्या बळावर काम होते.

हिब्रूत वारांना ग्रहांची नावे नाहीत. पहिला दिवस, दुसरा दिवस, असे सहाव्यापर्यंत नुसते आकडे. नाव आहे ते सातव्याला : शब्बाथ, म्हणजे थांबणे. बाकीचे सहा दिवस जणू त्याच्याकडे चालत जाणाऱ्या पायऱ्या.

शब्बाथला काय थांबवायचे याचे नियम बारीक आहेत. परंपरेने कामाचे 39 प्रकार मोजले आहेत : नांगरणे, पेरणे, दळणे, भाजणे, विणणे, शिवणे, लिहिणे, लिहिलेले पुसणे, विस्तव पेटवणे, विझवणे आणि असेच पुढे. पहिल्यांदा वाचताना हे जाचक वाटते, मलाही वाटले. पण ही यादी आली कुठून ते कळले, की दृष्टी बदलते. वाळवंटातून जाताना इस्रायलींनी देवासाठी जो तंबू उभारला, तो उभारायला जी जी कामे लागली ती ही कामे आहेत. म्हणजे देवाचे घर बांधण्यासारखे पुण्यकर्मसुद्धा सातव्या दिवशी थांबवायचे. जागेच्या पावित्र्यापेक्षा वेळेचे पावित्र्य वरचढ ठरले.

अब्राहम जोशुआ हेशेल हे विसाव्या शतकातले मोठे ज्यू विचारवंत. 'द सॅबथ' हे त्यांचे छोटे पुस्तक 1951 साली आले. त्यात ते दाखवतात, की सृष्टिकथेत "पवित्र" हा शब्द प्रथम कोणत्या पर्वताला, नदीला किंवा वेदीला लावलेला नाही. तो लावला आहे एका दिवसाला. शब्बाथ हे त्यांच्या लेखी काळात बांधलेले मंदिर आहे. जेरुसलेमचे दगडी मंदिर इ. स. 70 मध्ये रोमनांनी पाडले, पण वेळेचे मंदिर पाडायला कोणाला सैन्य नेता येत नाही.

कोकणातल्या तेल्यांकडे तर पाडायलाही काही नव्हते. त्यांचे पहिले सिनेगॉग मुंबईत उभे राहिले ते 1796 साली. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल दिवेकर, टिपूच्या कैदेतून जिवंत सुटले आणि नवस फेडावा तसे त्यांनी ते बांधले. त्याआधीची सगळी शतके ना मंदिर, ना ग्रंथ, ना पुरोहित. होता तो फक्त शनिवार, आणि "शेमा" ही देवाच्या एकत्वाची हिब्रू प्रार्थना. ती जन्माला, लग्नाला, मरणाला, सगळीकडे म्हटली जाई.

चंद्र आणि सूर्य, दोघांशी इमान

महिन्यांचा हिशेब आपल्या इतका जवळचा आहे, की तो समजायला मराठी वाचकाला फार कष्ट पडू नयेत. ज्यू महिना अमावास्येनंतरच्या चंद्रकोरीने सुरू होतो. चांद्रमासाची सरासरी लांबी त्यांनी 29 दिवस, 12 तास आणि तासाचे 793 भाग अशी धरली आहे. एका तासाचे भाग 1080. असे बारा महिने म्हणजे सुमारे 354 दिवस, सौरवर्षापेक्षा अकरा कमी. ही तूट भरली नाही तर वसंतातला सण सरकत सरकत हिवाळ्यात जाईल. हिजरी सनात तसे होऊ दिले जाते, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंतून फिरतो. ज्यूंना मात्र आज्ञा आहे, की मिसरच्या दास्यातून सुटकेचा पेसाह हा सण वसंतातच आला पाहिजे. म्हणून 19 वर्षांत सात वेळा अदार महिना दोनदा धरतात. आपला अधिक मास हेच करतो आणि त्याचाही मेळ 19 वर्षांत सातच्या आसपास बसतो.

2025 साली ही दोन पंचांगे किती जुळली ते पाहण्यासारखे आहे. 13 मार्चला संध्याकाळी आपली होळी पेटली, त्याच संध्याकाळी पुरीम सुरू झाला. 12 एप्रिलला चैत्री पौर्णिमा, त्या रात्री पेसाह. 22 सप्टेंबरला घटस्थापना, त्याच सूर्यास्ताला ज्यूंचे 5786 वे वर्ष लागले. 6 ऑक्टोबरला कोजागिरी, त्याच रात्री सुक्कोथ हा मांडवांचा सण. आणि 2 ऑक्टोबरला दसरा होता, तोच योम किप्पूरचा, प्रायश्चित्ताचा दिवस. दोन्हीकडे दशमी.

2026 मध्ये मात्र फाटा फुटतो. आपल्याकडे मे-जूनमध्ये अधिक ज्येष्ठ येतो, तिकडे जादा महिना 2027 च्या फेब्रुवारीत येतो. त्यामुळे ज्यू नववर्ष 11 सप्टेंबरच्या सूर्यास्ताला लागते, गणेश चतुर्थीच्या तीन दिवस आधी, आणि घटस्थापना पुरा एक महिना मागाहून 11 ऑक्टोबरला. पुढे 2027 च्या चैत्री पौर्णिमेला दोघे पुन्हा गाठ घेतात. एकाच चंद्राखाली, दोन वेगळ्या दिंड्यांसारखे.

झाकलेले मडके

बेने इस्रायल समाजाने आपल्या सणांना जी मराठी नावे दिली, ती वाचताना मला दर वेळी भरून येते. हाईम समुएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास 1897 च्या सुमारास लिहिला. तो छापून आला चाळीस वर्षांनी, 1937 मध्ये, तेल अवीवला. त्यात या नावांची नोंद आहे. नववर्ष तो "नव्याचा सण". त्याच दिवसांत नव्या धान्याची, नारळाच्या रसातली खीर करायची आणि धूप जाळून शेमा म्हणायचा, तो "खिरीचा सण". पुरीम हा "होळीचा सण". जेरुसलेमचे मंदिर पडल्याचा शोकदिन म्हणजे "बिरड्याचा रोजा", कारण उपास सोडताना केळीच्या पानावर फक्त बिरड्याचे कालवण आणि भात वाढत.

पेसाहचे नाव त्यांच्यात होते "अनाशी ढाकण्याचा सण". अनास म्हणजे तोंडी लावायचे एक आंबट कालवण, घरोघरी मडक्यात ठेवलेले असे. त्या पौर्णिमेपासून आठ दिवस ते मडके झाकून ठेवायचे, त्याला हात लावायचा नाही. का? ते कोणाला सांगता येत नव्हते. मूळ आज्ञा अशी आहे, की पेसाहच्या दिवसांत खमीर घातलेले काही घरात ठेवायचे नाही, कारण मिसरमधून निघताना पीठ फुगायलाही वेळ मिळाला नव्हता. मिसर विसरले गेले होते, मोशे विसरला गेला होता. भाकरी हेच अन्न असलेल्या घरात खमिराचा प्रश्नच नव्हता. उरले होते ते घरातले एक आंबणारे मडके, आणि ते नेमक्या पौर्णिमेला झाकले जात होते.

आणि योम किप्पूर म्हणजे "दारफळणीचा सण", दार बंद करण्याचा. त्या दिवशी बेने इस्रायल कुटुंब आंघोळ करून पांढरी वस्त्रे नेसून उपाशी घरात राही, दार लावून घेई, बाहेरच्या कोणाशी बोलणे नाही, शिवणे नाही. ज्या वर्षी दोन्ही पंचांगे जुळत असतील, त्या वर्षीचे कोकणातले गाव डोळ्यांसमोर आणा. दसऱ्याची संध्याकाळ. सगळे गाव सीमोल्लंघनाला बाहेर पडलेले, आपट्याची पाने वाटली जात आहेत. आणि एका आळीत चार-दोन घरांची दारे बंद. एकाच तिथीला एका घरची साधना वेस ओलांडण्याची, दुसऱ्या घरची उंबरठ्याच्या आत राहण्याची. दुसऱ्या दिवशी बंद दारे उघडत आणि तो "शिळा सण", शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे जाण्याचा, दानधर्माचा. गावाने यावर कधी आक्षेप घेतल्याचे कुठे वाचायला मिळत नाही. मला या गोष्टीचा अभिमान वाटतो.

एक सण मात्र त्यांच्यात नव्हता : हनुक्का, दिव्यांचा उत्सव. तो इ. स. पूर्व 164 च्या सुमाराच्या घटनेतून आला. आपले पूर्वज त्याआधीच निघाले होते याचा पुरावा म्हणून समाजातले लोक ही गोष्ट सांगतात. अभ्यासक तेवढ्यावर थांबत नाहीत, आणि त्यांचेही बरोबर आहे.

पुढे दावीद राहबी नावाचे एक ज्यू गृहस्थ कोकणात आले, अशी परंपरा आहे. शनिवारी घाणा बंद ठेवणारी, शेमा म्हणणारी ही माणसे पाहून त्यांना शंका आली. त्यांनी घरातल्या बायकांपुढे मिसळलेली मासळी ठेवली. बायकांनी खवले आणि पंख असलेली मासळी वेगळी काढली, बाकीची खात नाही म्हणाल्या. राहबींची खात्री पटली. त्यांनी तीन तरुणांना हिब्रू आणि प्रार्थना शिकवल्या, त्यांना पुढे "काजी" म्हटले गेले. अशा रीतीने मडके का झाकायचे याचे उत्तर शेकडो वर्षांनी घरी आले. तोवर मडके झाकलेलेच होते.

साधकांच्या मनात येणारा एक प्रश्न इथे घ्यायला हवा. अर्थ न समजता केलेले आचरण हे कर्मकांडच नव्हे का? सत्संगात आपण हे शंभरदा ऐकतो, की भाव नसेल तर व्रत कोरडे. मी स्वतः हे अनेकदा बोललो आहे. शनिवार तेल्यांचा इतिहास वाचल्यापासून बोलताना जरा अडखळतो. अर्थ कळेपर्यंत थांबायचे म्हटले असते, तर अर्थ परत आला तेव्हा त्याला उतरायला घरच उरले नसते.

याची दुसरी बाजूही ज्यू परंपरेनेच सांगितली आहे. योम किप्पूरच्या सकाळी, सगळे उपाशी बसलेले असताना, यशया संदेष्ट्याचा एक उतारा मोठ्याने वाचतात. त्यात देव उपास करणाऱ्यांनाच फटकारतो : मान खाली घालून बसलात, पण मजुराला पिळता, भांडता. मला हवा तो उपास म्हणजे भुकेल्याला आपली भाकरी वाटणे, उघड्याला वस्त्र देणे. वर्षातल्या सर्वांत कडक उपासाच्या मधोमध हे वाचायची सोय ज्यांनी केली, त्यांना माणसाचे मन चांगले ठाऊक असले पाहिजे.

तिथी कोण ठरवतो?

जुन्या काळी महिना गणिताने ठरत नसे. जेरुसलेममध्ये साक्षीदार येऊन सांगत, की आम्ही नवी कोर पाहिली. न्यायसभा त्यांची उलटतपासणी करी आणि मग महिना जाहीर होई. डोंगरांवर जाळ पेटवून बातमी लांब पोचवत. शब्बाथ देवाने ठरवलेला, तो कोणी जाहीर करायची गरज नाही. सणाची तिथी मात्र माणसांच्या सभेने जाहीर केल्याशिवाय पवित्र होत नाही.

यातून एकदा मोठा पेच झाला. मिश्ना या ग्रंथात ती कथा आहे. दोन साक्षीदारांची साक्ष सभेचे प्रमुख रब्बान गमलिएल यांनी मान्य केली. रब्बी येहोशुआ या विद्वानाला ती चुकीची वाटली. त्यांच्या हिशेबाने योम किप्पूर दुसऱ्या दिवशी येत होता. गमलिएल यांनी निरोप धाडला : तुमच्या हिशेबाने जो योम किप्पूर, त्या दिवशी काठी आणि पैशांची थैली घेऊन माझ्याकडे या. योम किप्पूरला काठी घेऊन प्रवास करणे, पैसे बाळगणे म्हणजे येहोशुआंच्या दृष्टीने घोर पाप. ते फार कष्टी झाले. रब्बी अकिवा आणि इतरांनी त्यांना समजावले, की सभेने जो दिवस जाहीर केला तोच सणाचा. शेवटी ते काठी आणि थैली घेऊन गेले. गमलिएल उठून उभे राहिले, त्यांच्या मस्तकाचे चुंबन घेतले आणि म्हणाले, ज्ञानात तुम्ही माझे गुरू, आज्ञापालनात माझे शिष्य.

कथा सांगणाऱ्याने येहोशुआ चुकले होते असे कुठेही म्हटलेले नाही. गणित कदाचित त्यांचेच बरोबर असेल. पण अर्धा समाज आज उपाशी आणि अर्धा उद्या, असे झाले तर ती वेळ कोणाचीच राहत नाही. आपल्याकडे स्मार्त आणि भागवत एकादशी वेगळ्या येतात. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरी काही वर्षी गणपती महिनाभर आधी बसतात, आणि रत्नागिरीकडे एकाच वाडीत दोन वेळा आरत्या ऐकू येतात. आपण ते खपवून घेतो, गोडीने खपवून घेतो. तरी येहोशुआंच्या हातातली ती काठी मनात ठेवण्यासारखी आहे. आपले बरोबर असूनही सगळ्यांबरोबर चालायला किती जड जाते, ते संस्थेत काम करणाऱ्या प्रत्येक साधकाने अनुभवलेले असते.

दहावा माणूस

आता दिल्लीला परत येऊ. ज्यू सामूहिक प्रार्थनेला दहा प्रौढ माणसे लागतात. नऊ असतील तर काही मुख्य प्रार्थना म्हणताच येत नाहीत. नऊ संत असले तरी नाही, दहा सामान्य असले तर चालते. दिल्लीत स्थायिक ज्यू कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी आहेत. 1948 नंतर बेने इस्रायल समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तिथेही ते मराठी बोलतात, 'मायबोली' नावाचे नियतकालिक त्यांनी तिथे काढले. जे इथे राहिले ते मुख्यतः मुंबई, ठाणे आणि रायगडात. महाराष्ट्र सरकारने 2016 साली त्यांना अल्पसंख्याकाचा दर्जा दिला.

हुमायून रोडवरच्या सिनेगॉगात दहाची संख्या भरते ती दूतावासातल्या लोकांमुळे, प्रवाशांमुळे, कामानिमित्त राजधानीत आलेल्यांमुळे. तिथे स्त्रियांनाही दहांत धरण्याची पद्धत आहे. सनातनी परंपरेत ती नाही, पण इथे गरजेने रुजली आणि टिकली. म्हणजे कुठून तरी आलेला अनोळखी माणूस दारातून आत आला, की प्रार्थना पूर्ण होते. त्याला वाटत असेल, आपण सहज डोकावलो.

शब्बाथ सुरू होतो तो सूर्यास्ताच्या थोडा आधी दिवे लावून. डिसेंबरच्या सुरुवातीला दिल्लीत सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, जूनअखेरीस सव्वासात उलटून जातात. म्हणजे ही वेळ घड्याळाची नोकर नाही. कोकणात द्राक्षाचा रस मिळत नसे, म्हणून बेने इस्रायल घरांत मनुका भिजवून केलेल्या शरबतावर आशीर्वाद म्हणण्याची रीत पडली. ती आजही टिकून आहे. शनिवारी रात्री आकाशात तीन तारे दिसले की शब्बाथ संपतो. नोव्हेंबरच्या धुरात राजधानीत तीन तारे शोधायचे म्हणजे कठीणच, तिथे गणिताची वेळ कामी येते. निरोप देताना सुगंधी मसाला हुंगतात. शब्बाथला माणसाला एक जादा जीव मिळतो आणि तो जाताना मन खचू नये म्हणून हा सुगंध, असे जुने लोक सांगतात.

पुढच्या सात आठवड्यांसाठी अभ्यास

पेसाहपासून शावुओथपर्यंत ज्यू लोक रोज रात्री दिवस मोजतात. त्याला ओमेरची मोजणी म्हणतात. आज पहिला, आज दुसरा, असे 49 दिवस. फक्त तोंडाने म्हणायचे, आणखी काही नाही. पण नियम गमतीचा आहे. रात्री विसरलात तर दुसऱ्या दिवशी उजेड असेपर्यंत म्हणा. पूर्ण दिवस चुकला, तर पुढच्या रात्रीपासून मोजणी चालूच ठेवायची, फक्त तिच्या आधीचा आशीर्वाद म्हणायचा नाही. पुन्हा एकपासून सुरुवात करायची परवानगी नाही. ज्यांची जपाची वही चुकलेल्या दिवसांमुळे कपाटात पडली आहे, त्यांनी हा नियम दोनदा वाचावा.

सात आठवडे एवढेच करून पाहा. आठवड्यातला एक तास ठरवा आणि त्या तासात एक गोष्ट बंद ठेवा. नाम, ध्यान, वाचन यांची भर घालू नका, ते तुम्ही एरवी करताच. फक्त बंद ठेवा. जे बंद ठेवल्याने तुमचे थोडे नुकसान होते, असेच निवडा : दुकान, फोन, लॅपटॉप, ज्याच्याकडे गिऱ्हाईक येते ते. घरात एकट्याने करू नका, निदान एकाला तरी सामील करून घ्या. तास घड्याळावरून ठरवण्यापेक्षा सूर्यास्तापासून धरा, म्हणजे तो दर आठवड्याला थोडा सरकेल आणि तुम्हाला खिडकीपर्यंत जावे लागेल. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्याला पुढचाच आकडा लिहा.

येत्या शुक्रवारचा सूर्यास्त आजच पाहून ठेवा. तुमच्या गावचा पाहा, दिनदर्शिकेवर छापलेला मुंबईचा नको.